आपल्या माणसांची शाबासकी

(मंडळाच्या वार्षिक विद्यार्थी-गौरव समारंभात मुलुंड येथे दिलेले व्याख्यान)



चाळीस वर्षे पदार्थविज्ञान शिकविलेल्या माणसाच्या हाती ध्वनिक्षेपक देणे हे धाडसाचे काम आहे, आणि आपल्या कार्यकारिणीने ते केले याबद्दल मी तिचा ऋणी आहे. फळा व खडू येथे नाहीत, तेव्हा आपणांस फार त्रास होणार नाही असे आश्वासन मी प्रारंभीच देऊन ठेवतो.

गेल्या वर्षीच्या सर्वसाधारण सभेला आपल्यापैकी बरेच जण उपस्थित होते. मंडळाने विज्ञानासाठी एक स्वतंत्र पारितोषिक ठेवावे, अशी सूचना तेव्हा आली होती. तीवर आपले एक तरुण सभासद उभे राहिले व म्हणाले, की विज्ञानाला जात नसते. ज्ञातीने विज्ञानाचे पारितोषिक काढावे हे गुरुत्वाकर्षणाला गोत्र विचारण्यासारखे आहे. सभेत मोठा हशा पिकला. मीही हसलो. परंतु घरी परतताना माझ्या मनात त्या वाक्याने जे घर केले, ते अद्याप सोडलेले नाही. सूचना पुढील सभेपर्यंत तहकूब झाली, आणि तिच्यासंबंधी चार शब्द बोलण्याची कामगिरी मजकडे आली. त्या तरुण मित्राचे म्हणणे मला निम्मे पटते आणि निम्मे पटत नाही. कोणते निम्मे, हे सांगण्यासाठी मला आपणांस जरा दूरच्या प्रवासाला न्यावे लागेल.

१९५७ साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक दोन तरुण चिनी शास्त्रज्ञांना मिळाले. चेन-निंग यांग हे तेव्हा पस्तिशीतले, आणि त्सुंग-दाओ ली तर अवघे एकतीस वर्षांचे. जपानी आक्रमणामुळे आपापली शहरे सोडून कुनमिंगच्या डोंगराळ मुलखात आलेल्या एका विस्थापित विद्यापीठात दोघांचेही शिक्षण झाले होते. पुढे ते अमेरिकेस गेले. निसर्ग डाव्या-उजव्यात भेद करीत नाही, आरशातले जग व खरे जग एकाच नियमाने चालते, असे त्या वेळपर्यंत सर्वांनी गृहीत धरले होते. ह्या दोघांनी विचारले, की किरणोत्सर्गाच्या एका विशिष्ट प्रकारात हे कोणी पडताळून पाहिले आहे काय? कोणीच पाहिले नव्हते.

ते पडताळून पाहिले एका स्त्रीने. चिएन-शिउंग वू ह्या शांघायजवळच्या लिउहे गावच्या. त्यांच्या वडिलांनी मुलींसाठी शाळा काढली होती, आणि त्या शाळेतच त्यांचे पहिले शिक्षण झाले. १९३६ साली त्या अमेरिकेस गेल्या, आणि आईवडिलांची व त्यांची भेट पुन्हा कधीही झाली नाही. कोबाल्ट-६० ह्या किरणोत्सर्गी धातूला निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ थंड करून, चुंबकाच्या साहाय्याने त्याच्या अणुगर्भांची तोंडे एका दिशेस वळवून, त्यांतून बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन कोणत्या बाजूस अधिक जातात हे वूबाईंनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजले. दोन्ही बाजूंस सारखे जावयास हवे होते. ते सारखे गेले नाहीत. आरशाचा नियम मोडला. पारितोषिक मात्र दोघा पुरुषांना मिळाले, वूबाईंचे नाव त्यात नव्हते. त्यांना वुल्फ पारितोषिक मिळाले ते १९७८ साली, म्हणजे एकवीस वर्षांनी. नोबेल समितीचा तो निर्णय योग्य होता की अयोग्य, यावर आजही वाद होतात. माझे मत विचाराल तर त्या समितीने चूक केली.

ह्या गोष्टीचा पुढचा भाग आपल्या विषयाशी अधिक निगडित आहे. चीनमधील सांस्कृतिक क्रांतीची वावटळ शमली तेव्हा तेथील विद्यापीठे दहा वर्षे मागे पडली होती. तेथल्या हुशार मुलांना अमेरिकेत प्रवेश मिळावा कसा? प्रवेशपरीक्षांची सोय नाही, शिफारस करणाऱ्या प्राध्यापकांची नावे तिकडे कोणास ठाऊक नाहीत. तेव्हा ली यांनी अमेरिकेतील विद्यापीठांना पत्रे लिहून, त्यांच्याकडून प्रश्नपत्रिका घेऊन, चीनमध्येच एक परीक्षा भरविली. १९७९ पासून सुमारे दहा वर्षे हा उपक्रम चालला आणि नऊशेहून अधिक विद्यार्थी त्या वाटेने पदार्थविज्ञानाच्या उच्च शिक्षणास गेले. नोबेल पारितोषिकाचा मानकरी प्रवेश-अर्जांची कारकुनी करीत बसला, असे कोणी उपहासाने म्हणेल. मला तर त्यांच्या साऱ्या कारकिर्दीत हे काम विशेष मोलाचे वाटते.

पुढे १९९० साली परदेशस्थ चिनी पदार्थवैज्ञानिकांनी आपली एक संघटना स्थापन केली. कालांतराने खगोलशास्त्रज्ञही तीत आले. ठिकठिकाणच्या चिनी वंशाच्या संशोधकांनी एकत्र जमावे, नवोदितांना वडीलधाऱ्यांचा आधार मिळावा, चांगल्या कामाची वाखाणणी व्हावी, तरुण संशोधकांना पारितोषिके द्यावीत, असा तिचा व्यवहार. आपल्या मंडळाच्या घटनेतील उद्देशांची कलमे काढून शेजारी ठेवलीत तर फारसा फरक दिसणार नाही! मात्र एक फरक आहे, आणि त्याकडे मी नंतर येईन.

आपण म्हणाल, अमेरिकेत नामवंत विद्यापीठांत स्थिरावलेल्या विद्वानांना अशा संघटनेची गरज ती काय? शियाओशिंग शी ह्या प्राध्यापकांचे उदाहरण पाहा. फिलाडेल्फियाच्या टेम्पल विद्यापीठात ते पदार्थविज्ञान शिकवीत. मे २०१५ मध्ये सरकारी पोलिसांनी त्यांना त्यांच्या घरातून, कुटुंबीयांच्या देखत, पकडून नेले. चीनला गुप्त तांत्रिक माहिती पुरविल्याचा आरोप होता. ज्या नकाशावरून हा आरोप उभारला गेला तो त्या यंत्राचा नव्हेच, असे जाणकार शास्त्रज्ञांनी लिहून दिले, आणि सप्टेंबरात सरकारने आरोप मागे घेतले. पुढे शी यांनी शास्त्रज्ञांच्या मोकळ्या देवाणघेवाणीच्या बाजूने सातत्याने आवाज उठविला, त्याबद्दल २०२० साली अमेरिकेच्या पदार्थविज्ञान संस्थेने त्यांना सखारोव्ह पारितोषिक दिले. आडनावावरून माणसाकडे संशयाने पाहिले जाते तेव्हा त्याच्या विद्येची साक्ष देणारे कोणी तरी हवे असते. ही साक्ष विद्या जाणणाऱ्यानेच द्यावी लागते. नुसत्या आप्तेष्टाची साक्ष तेथे चालत नाही.

आता आपण आपल्या घरी परत येऊ. मुलुंडहून गाडीत बसलो आणि शीव स्थानकावर उतरलो, की चुनाभट्टीच्या दिशेस मराठी विज्ञान परिषदेचे विज्ञान भवन आहे. आपल्यापैकी किती जणांनी त्याची पायरी चढली आहे? हात वर करू नका, मला अवघडल्यासारखे होईल. ही परिषद २४ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत स्थापन झाली. साहित्यिकांची संमेलने आपल्याकडे त्यापूर्वी कितीतरी वर्षे भरत होती. विज्ञानाची चर्चा मराठीत करावी, मराठी माणसाला विज्ञानाची गोडी लावावी, यासाठी मात्र तोवर असे कायमचे व्यासपीठ नव्हते. आज तिचे विभाग महाराष्ट्रात ठिकठिकाणी व महाराष्ट्राबाहेरही आहेत. दरवर्षी अधिवेशन भरते, विज्ञानात काम केलेल्यांचा सन्मान होतो, पत्रिका निघते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील भालचंद्र उदगावकर, जयंत नारळीकर, अनिल काकोडकर अशी माणसे तिच्या अध्यक्षपदी येऊन गेली. तिचे सभासदत्व जातीवर नाही आणि पदवीवरही नाही. धागा एकच, मराठी भाषेचा.

ह्या परिषदेच्या इतिहासातली एक गोष्ट मला अतिशय प्रिय आहे. १९७४ साली परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेसाठी ‘कृष्णविवर’ नावाची एक कथा आली. लेखकाचे नाव नारायण विनायक जगताप. परीक्षकांनी तिला पहिले पारितोषिक दिले. मागाहून उलगडा झाला, की हे जगताप म्हणजे जयंत विष्णु नारळीकर. आपल्या नावाची आद्याक्षरे त्यांनी उलटी करून घेतली होती. हस्ताक्षरावरून ओळख पटू नये म्हणून कथा मंगलाताईंकडून लिहून घेतली होती. केंब्रिजमध्ये नाव गाजविलेला, पद्मभूषण मिळालेला शास्त्रज्ञ! खऱ्या नावाने कथा धाडली असती तर पहिले पारितोषिक मिळालेच असते, पण ते कथेला की नावाला, हे त्यांना स्वतःलाही कधी कळले नसते. त्यांनी स्वतःला परीक्षकांपुढे एक अनोळखी इसम म्हणून उभे केले. नारळीकर २० मे २०२५ रोजी पुण्यात निवर्तले, तेव्हा त्यांच्या मोठमोठ्या सिद्धान्तांआधी मला ही गोष्ट आठवली.

उदगावकरांचा उल्लेख मी केला. ह्या माणसाने सैद्धान्तिक पदार्थविज्ञान करता करता मुंबई महानगरपालिकेच्या शाळांतील विज्ञानशिक्षणाचा ध्यास घेतला. त्याच प्रयत्नांतून टाटा संस्थेचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ साली उभे राहिले, आणि वि. गो. कुलकर्णी हे त्याचे पहिले संचालक झाले. आज हे केंद्र आपल्या उपनगरांच्या कुशीतच, मानखुर्दला आहे. १९८० च्या सुमारास कुलकर्णी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पालिकेच्या शाळांतील अनुसूचित जातींची मुलेमुली निवडली आणि आठवीपासून शालान्त परीक्षेपर्यंत त्यांना हाताशी धरले. ह्या मुलांना विज्ञान कळत नाही असे मानले जात होते. पाहता पाहता ध्यानात आले, की पुष्कळ ठिकाणी मुलांना अडत होती ती पाठ्यपुस्तकाची बोजड भाषा. तेच विज्ञान सोप्या मराठीत मांडले, प्रश्न विचारू दिले, वस्तू हाती दिल्या, तर मुले झपाट्याने पुढे येत. त्या मुलांनी परीक्षेतही चांगले यश मिळविले. बोजड भाषेत बोलणाऱ्या माझ्यासारख्याने हे सांगावे यातील विनोद माझ्या ध्यानात आहे!

तेव्हा आता मघाच्या फरकाकडे येतो. चिनी पदार्थवैज्ञानिकांची संघटना काय, आपली विज्ञान परिषद काय, त्यांचा सन्मान हा कामाचा सन्मान असतो. आपल्या मंडळात मात्र आपण गेली कित्येक वर्षे गुणपत्रिकेचा सन्मान करीत आलो आहोत. शेकडा अमुक गुण, की नारळ, शाल व पाकीट. यात वाईट काही नाही, मुलांना आनंद होतो, आजी-आजोबांचे डोळे भरून येतात. पण यात काय निसटते, हे मी आज आपणांस सांगणार आहे. ही गोष्ट मी आजवर मंडळाच्या कोणत्याही सभेत सांगितलेली नाही.

१९८५ सालची हकीगत आहे. मी तेव्हा अडतीस वर्षांचा, नुकताच पारितोषिक समितीवर आलो होतो. पाच जणांच्या समितीत विज्ञानाचा माणूस मी एकटा. भांडुपच्या एका मुलीचा अर्ज आला. वडील गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर ती गिरणी त्यांच्यापुरती बंदच झाली होती. मुलीला शालान्त परीक्षेत शेकडा अठ्ठावन्न गुण होते आणि आपला नियम सत्तरचा. मात्र अर्जासोबत तिने एक दुरेघी वही जोडली होती.

त्या वहीत काय होते? तिने चाळीच्या तिसऱ्या मजल्याच्या कठड्यावरून खाली चौकात सुताचा दोर सोडला होता. खाली वाण्याकडून मागून आणलेले दोन किलोचे लोखंडी वजन. दोराची लांबी नऊ मीटर. वडिलांचे मनगटी घड्याळ घेऊन तिने लंबकाचे पन्नास हेलकावे मोजले, एकदा नव्हे, रोज सकाळी, चौकात वर्दळ सुरू होण्यापूर्वी. पन्नास हेलकाव्यांना पाच मिनिटे आणि वर एखादा सेकंद. त्यावरून तिने गुरुत्वत्वरण काढले होते, आणि ते पुस्तकातल्या आकड्याच्या अगदी जवळ आले होते. इथवर कोणीही हुशार मूल येईल. पण जुलैच्या पानांवर तिच्या ध्यानात आले, की पन्नास हेलकाव्यांना आता दोन सेकंद कमी लागतात. घड्याळ पुढे धावते आहे काय, हे तिने आकाशवाणीच्या वेळेशी ताडून पाहिले. वजन बदलून पाहिले. मग तिने दोर पुन्हा मोजला. ओल्या हवेने सुती दोर आखडला होता! तिने समासात लिहिले होते, की पृथ्वी तीच आहे, दोर बदलला.

ज्ञातिबांधवहो, मी महाविद्यालयात शिकवीत होतो, प्रयोगशाळेत पितळी लंबक आणि विरामघड्याळे होती, आणि तेथे वर्षानुवर्षे मुले पुस्तकातला आकडा आधी लिहून निरीक्षणे मागाहून भरीत. खरे निरीक्षण कशाला म्हणतात हे त्या समितीत फक्त मला कळत होते. चिटणिसांनी विचारले, “काय करावयाचे? नियमात बसत नाही.” इतरांनी माझ्याकडे पाहिले. एका देणगीदारांच्या नातवाला शेकडा एकाहत्तर गुण होते, पारितोषिकांची संख्या ठरलेली होती, आणि मी समितीवर नवा होतो. मी म्हणालो, “नियम तो नियम.” एवढेच बोललो. बैठक दहा मिनिटांत आटोपली.

त्या मुलीने पुढे टंकलेखनाची परीक्षा दिली व एका कचेरीत नोकरी धरली. संसार नीटनेटका केला. तिचे काही वाईट झाले असे मी म्हणणार नाही, तसे म्हणणे तिचा अपमान होईल. बऱ्याच वर्षांनी घाटकोपर स्थानकाच्या पुलावर ती मला भेटली. मी ओळखले नाही, तिनेच ओळखले. इकडचे तिकडचे बोलणे झाल्यावर तिने विचारले, “काका, माझी ती वही मंडळात कुठे असेल का हो?” अर्जासोबतचे कागद परत करण्याची आपल्याकडे पद्धत नव्हती. मी दुसऱ्या दिवशी कार्यालयातले कपाट उपसले. वही मिळाली, खालच्या कप्प्यात, जुन्या पावतीपुस्तकांखाली. ती घेऊन मी तिच्या घरी गेलो आणि घडलेली गोष्ट सांगितली. तिने ऐकून घेतले, चहा केला, वही चाळली. म्हणाली, “आमच्या घरात ही वही कुणाला समजली नसती. तुम्हांला समजेल असं वाटलं होतं, म्हणून पाठवली.”

त्या तरुण सभासदांचे निम्मे म्हणणे मला पटत नाही, ते येथे. गुरुत्वाकर्षणाला गोत्र नसते हे खरे. परंतु भांडुपच्या चाळीतील मुलीला बंगळूरच्या संस्था ठाऊक नसतात, कुलाब्याचा रस्ता ठाऊक नसतो. तिच्या वडिलांना ठाऊक असते ते मंडळ. तिने आपली वही प्रथम आपल्या माणसांकडे पाठविली, कारण दुसरीकडे कोठे पाठवावयाची हे सांगणारे कोणी नव्हते. कमला सोहोनी, माहेरच्या कमला भागवत, यांना १९३३ साली बंगळूरच्या संस्थेत सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटून बसल्या व अखेर प्रवेश मिळविला. पण त्यांचे वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते. दार कोणते व ते कसे ठोठवावे, हे त्यांना घरातच कळले होते. ज्यांच्या घरात हे कळत नाही त्यांच्यासाठी मंडळ.

आणि पटते ते निम्मे असे, की अशा पारितोषिकाचा निर्णय करताना ज्ञातीने ज्ञाती म्हणून वागता कामा नये. कोणाचा नातू, कोणत्या गावचे घराणे, कोणी सभागृहाला पंखे दिले, हे परीक्षकाला कळताच पारितोषिक बिघडते. हे मी ऐकीव सांगत नाही. ते माझ्या हातून बिघडले आहे.

म्हणून येत्या सर्वसाधारण सभेपुढे मी जो ठराव मांडणार आहे तो आपणांस आताच सांगून ठेवतो. विज्ञानासाठी मंडळाने पारितोषिक ठेवावे. त्याला गुणांची अट नसावी. मुलाने अथवा मुलीने स्वतः केलेले काम, वही, उपकरण, निरीक्षणे, जे असेल ते पाठवावे. अर्जावर नाव नसावे, फक्त क्रमांक असावा. नावाची चिठ्ठी वेगळ्या बंद पाकिटात चिटणिसांकडे राहावी आणि निर्णय झाल्यावरच उघडावी. परीक्षक मंडळाबाहेरचे, विज्ञान जाणणारे असावेत. पैसे रोख न देता वर्षभराची पुस्तके, साहित्य, प्रवासखर्च यांसाठी द्यावेत, आणि त्या मुलाला चुनाभट्टीस व मानखुर्दला घेऊन जाणारा एक सभासद नेमावा. आणखी एक कलम आहे, ज्यावर मतभेद होईल हे मी जाणतो: अर्ज आपल्या सभासदाच्या शेजारच्या घरातल्या, दुसऱ्या ज्ञातीच्या मुलाचाही चालावा. आपल्या निधीवर आपल्या मुलांचा पहिला हक्क आहे, असे कोणी म्हणेल. त्यांना माझे नम्र उत्तर असे, की भांडुपच्या चाळीत तो दोर खाली पकडून ठेवणारी जी पोरे होती, ती काही सगळी आपल्या ज्ञातीची नव्हती, आणि तिने त्यांची नावे वहीच्या पहिल्या पानावर लिहिली आहेत.

खजिनदारांनी मला खर्चाचा प्रश्न विचारला होता. पहिल्या तीन वर्षांचा खर्च मी माझ्या निवृत्तिवेतनातून देईन. त्यास माझे वा माझ्या घराण्याचे नाव देऊ नये. पुढचे मंडळाने पाहावे. त्या वहीची छायाप्रत, लेखिकेच्या अनुमतीने व तिचे नाव झाकून, आज बाहेरच्या मेजावर ठेविली आहे. अल्पोपाहारास जाण्यापूर्वी विद्यार्थ्यांनी ती पाहावी. जुलैचे पान दुमडून ठेवले आहे.